गाडी विकायची राहिली

प्रिय भिंगरी,

फोनवर तू दोनदा विचारलंस, आई, गाडीला गिऱ्हाईक मिळालं का, आणि दोन्ही वेळा मी दारावरची बेल वाजल्याचं सांगून फोन ठेवला. आपल्याकडे इतकं कुणी येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा खरं काय ते लिहूनच कळवते. बोलायला लागले की मी टोमणे मारते आणि मुद्दा राहून जातो. लिहितानाही मारते, पण लिहिलेलं खोडता तरी येतं.

नोकरीसाठी इथून निघताना तू म्हणालीस, व्हीलीचं वेड संपलं, मन भरलं, माझी मोटरसायकल विकून टाक. त्या दिवशी मला रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना मिठी मारावीशी वाटत होती. पोटची पोर पुढचं चाक हवेत उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवते, हे नातेवाइकांना समजावता समजावता माझे केस पिकले. गेल्या वर्षी तू पडलीस, खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा तर ते फळांच्या पिशव्यांबरोबर सल्लेही घेऊन आले. फळं संपली.

तर गाडीची काय किंमत येईल ते विचारायला मी आणि तुझे बाबा तुझ्या मामांकडे गेलो. सगळ्या जगाला व्हीली शिकवणारा आणि सगळ्या जगाचा मामा असलेला हा माणूस मिशीला इतका काळा रंग लावतो, की मिशी आधी येते आणि मागून मामा. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्याकडे मात्र नवा विद्यार्थी सापडल्यासारखे पाहत राहिले. म्हणाले, ताई, विका खुशाल, पण एकदा यंत्रावर बसून तर बघा, पहिला धडा फुकट. फुकट म्हटल्यावर तुझे बाबा माझ्याआधी हो म्हणाले.

ते यंत्र तू जन्मभर वर्णन करून सांगितलं असतंस तरी मला कळलं नसतं. लोखंडी चौकटीत जखडलेली खरीखुरी मोटरसायकल. मागचं चाक रोलरवर जागच्या जागी फिरतं, पुढचं उचलायला मोकळं. मागे एक जाड दांडा, म्हणजे कितीही उठली तरी गाडी उलटी पडत नाही. मनगटाला दोरी, आपण घसरलो की इंजिन बंद. छातीला, पाठीला, कोपरांना, गुडघ्यांना कवच. ते सगळं चढवल्यावर मी युद्धावर निघालेल्या कपाटासारखी दिसत होते. असं तुझे बाबा म्हणाले. विनोद मी करायचा आणि हसायचं त्यांनी, हा आमचा जुना करार त्यांनी तिथे मोडला.

मामा म्हणाले, हळूच क्लच सोडा आणि मूठ पिळा. मी पिळली. पुढचं चाक उठलं आणि मला एकदम शेडचं छप्पर दिसलं. घाबरून मी मूठ घट्ट धरली, तशी गाडी आणखी उठली, म्हणून मी आणखी घट्ट धरली. मामा खालून ओरडत होते, पाय, ताई, पाय, हाताने काही होणार नाही, पायाने मागचा ब्रेक दाबा. मी पाठ दांड्याच्या बाजूला झोकून, डोळे मिटून, ज्यांना पेपरातल्या माझ्या सदरात कधी शिवी दिली नाही अशा सगळ्यांना एका दमात दिली. शेवटी ब्रेक सापडला. चाक अलगद खाली आलं. मी उतरले, पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. का बसले ते विचारू नकोस.

मग दर रविवारी जाऊ लागले. लोकांना सांगते, लेखासाठी माहिती गोळा करतेय. एका रविवारी ते घडलं. चाक वर गेलं आणि एका जागी गाडीचं वजन हाताला जाणवेचना. ना पुढे ओढ, ना मागे. इंजिन गुरगुरत होतं, तरी मला आत कुठेतरी शांत वाटलं. क्षणभरच. तू मरणाशी खेळायला जातेस असं मी समजत होते. तू तर विसाव्याला जात होतीस गं. तुझे बाबा रक्तदाब मोजायचं यंत्र घरून बरोबर घेऊन येतात. खाली उतरून दम खाल्ल्यावर त्यांनी माझा मोजला, तर घरी पेपर वाचताना असतो त्यापेक्षा कमी.

तो आकडा बघून मामा बोलून गेले. म्हणाले, हे पोरीला दाखवा. हाड जुळल्यावर ती परत आली होती की. पुन्हा या यंत्रापासून सुरुवात केली, मग मैदानावर, आणि पडण्याआधीपेक्षा गाडी देखणी उचलायला लागली होती. मग एक दिवस हेल्मेट काढून ठेवलं आणि म्हणाली, मामा, आईला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यात, आता नको. हे ऐकताच तुझे बाबा बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. त्यांच्या बुटांना नाडी नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. घरापर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि मला वाटतं, ती शांतता त्यांना आवडली.

म्हणून हे पत्र, भिंगरी. गाडी विकलेली नाही आणि मी विकणारही नाही. तेल बदललंय, बॅटरी नवी घातलीय. त्याग हे आपल्या घरात माझं खातं आहे. त्यावर विनोद लिहून मी पोट भरते, त्यात तू हात घालू नकोस. गोळ्या माझ्या, रक्तदाब माझा, तो मी सांभाळीन. तिथलं काम खरंच आवडत असेल तर खुशाल कर. पण मन भरलं असं पुन्हा म्हणायचं असलं, तर इथे येऊन, गाडीवर बसून, माझ्या तोंडावर म्हण. मी मैदानाच्या कुंपणाशी उभी राहीन. तू चाक उचललंस की मी ओरडेन, आणि तू उतरल्यावर दोन तास भांडेन. मला भीती वाटणारच गं. वाटू दे.

तुझीच,
आई