खापरांची गाडी डिझेलवर

६ फेब्रुवारी, जळगाव
आरटीओची लेखी परवानगी आज हातात पडली. व्हॅनमधले पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवायचे, मग गाडी दाखवायची, मग कागदावर नोंद. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, नवीनच का घेत नाही?" म्हटले, परवडली असती तर तुमच्या टेबलासमोर उभी राहिले नसते. सही झाली.

जुने इंजिन जामनेरच्या लग्नाहून येताना बसले ते बसलेच. मांडे करणाऱ्या आम्ही पाच बायका, मांडे भाजायची पाच मातीची खापरं, चुलीची चौकट, परात, पाट. सगळे रस्त्याच्या कडेला. टेम्पोवाल्याने तोंड बघून भाडे सांगितले. तेव्हाच ठरवले, आता डिझेल.

८ फेब्रुवारी
अशोक येऊन गेला. धाकटा भाऊ, पण सल्ले थोरल्याचे.
"अक्का, या वयात लोक तीर्थयात्रा करतात."
"करीन. याच गाडीने."
त्याला सगळे सांगितले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याच्या नानांचे काम घेतले आहे. त्यांच्या सगळ्या मुली, जावई, नातवंडे घरी. मांडे खापरावरचेच हवेत, गॅसच्या तव्यावरचे दारातून परत पाठवीन, म्हणाले. हे काम धड झाले तर धुळ्यातली आणखी घरे मिळतील. फसले तर आमच्यातली हिराबाई आणखी दोघींना घेऊन इथल्या एका केटररकडे रोजाने जाणार. हे तिने मला तोंडावर सांगितले. मागून सांगितले असते तर राग आला असता. हिराबाई गेली की माझे दुकान बंद. तिच्यासारखा मांडा हातावर कोणी पसरत नाही. मी तर नाहीच.

१३ फेब्रुवारी
इंजिन मिळाले. रावेरला केळीची पिकअप नाल्यात कलंडली होती. बॉडीचा चुराडा, इंजिन शाबूत. कागद सरळ. गॅरेजवाले रफिकभाई सोबत होते म्हणून फसले नाही. त्यांनी आधी ऑइलची कांडी काढून वास घेतला, मग कान लावला, मग मालकाला चहा मागितला. चहा आला तेव्हा भाव अर्ध्यावर होता.
गिअरबॉक्ससकट उचलले. म्हणजे जोडणीची कटकट नाही.
परत येताना टेम्पोत इंजिनाशेजारीच बसले. साडीला ग्रीस. चालायचे.

१९ फेब्रुवारी
र.भाईंच्या गॅरेजमध्ये दिवस. पेट्रोलचे इंजिन साखळीने वर आले, खाली रिकामा खड्डा. बघून छानच वाटले. कॉलेजात प्रॅक्टिकलला उपकरण उघडायला मिळायचे तेव्हा वाटायचे तसे. बी.एस्सी. झाल्यावर इतक्या वर्षांत कोणी मला काही उघडू दिले नव्हते.
र.भाई: "अक्का, तुम्ही घरी जा, धूळ आहे."
मी: "तुम्ही काम करा."
दुपारी त्यांनी स्वतःच पाना माझ्या हातात दिला.

२ मार्च
नवीन फक्त रेडिएटर आणि बॅटरी. बाकी सगळे जुने, धुऊन, घासून. टाकी मी स्वतः धुतली. पेट्रोलचा वास जाता जाईना.
इंजिनाखालच्या रबरांचा प्रश्न. फाउंडेशन म्हणतात त्यांना. पिकअपची फाटलेली, नवीन महाग. दीपनगरच्या वीज केंद्राचे कोळसा वाहणारे रबरी पट्टे भंगारात येतात, आपल्याकडे गोठ्यात, उंबऱ्यात, कुठेही घालतात. त्याचे जाड तुकडे कापून घालू, असे मी सुचवले. र.भाई म्हणाले, "चालेल, पण कडक आहे." मी "चालेल" एवढेच ऐकले.

११ मार्च
चालू झाले.
आधी तीनदा नुसते घरघरले. पाइपात हवा. र.भाईंनी नट सैल करून हवा काढली, बुडबुडे संपले, शुद्ध डिझेल आले. मी सेल मारला. धूर, धक्का, आणि मग तो आवाज. शेजारचा चहावाला किटली घेऊन बाहेर. र.भाई रेडिएटरवर हात ठेवून उभे. मीही ठेवला.
घरी आल्यावर दोनदा चहा केला. एकटीनेच प्याला.

१६ मार्च
भुसावळ रोडला फेरी. चढाला गाडी मागे बघत नाही. तेवढ्याच पैशात आता जवळजवळ दुप्पट जाते. गिअर अजून अडखळतो, आवाजात बोलता येत नाही, ओरडावे लागते. मला ओरडायची सवय आहे.
हिराबाई पुढे बसली. उतरल्यावर म्हणाली, "अक्का, हाई गाडी शे का पिठनी चक्की?"
"चक्कीच. आपला धंदा पिठाचाच आहे."
हसली. ही हसली म्हणजे काम झाले.

२१ मार्च
आरटीओत गाडी दाखवून आले. इंजिनाचा नंबर ताडला, धूर तपासला, पास. आता कागदावरही डिझेल. वाटेत पेढे घेतले, पहिला र.भाईंना.

२४ मार्च
लिहायला नको वाटते.
पारोळ्याला मुंजीचे काम होते, लहानसे. खापरं नेहमीसारखी लोखंडी मांडणीत, मांडणी बॉडीला बोल्ट मारून घट्ट. ही मांडणी माझीच कल्पना, आणि पेट्रोलवर इतकी वर्षे एक खापर फुटले नाही. पारोळ्यात दार उघडले तर दोन खापरांचे तुकडे. खड्डा नाही, ब्रेक नाही, काही नाही. नुसती थरथर. एरंडोलला फाटकाशी गाडी उभी होती तेव्हा मागे काहीतरी टिकटिक करत होते. मला वाटले परात.
कडक पट्टे, त्यावर इंजिन, इंजिनाला बॉडी, बॉडीला मांडणी, मांडणीला खापर. मीच सगळे एकमेकांना घट्ट बांधले. कंपनाचा धडा शिकलेली बाई मी.
तीन खापरांवर काम ओढले. हिराबाईने फुटके तुकडे गोळा करून गाडीत ठेवले.

२५ मार्च
नवीन खापर घेऊन चालत नाही. तेल पाजून, तापवून, महिनोन्महिने मांडे टाकून ते मुरते. कोऱ्या खापराला मांडा चिकटतो आणि फाटतो. आखाजीपर्यंत नवीन तयार होणार नाहीत. म्हणजे तीन आहेत ती तीनच. नानांच्या घरच्या कामाला तीन कसेबसे पुरतील, पण पहाटेपासून चुली पेटवून. दोन उरली तर नाही पुरणार.
अशोकचा फोन. "नानांना आत्ताच नाही सांग, अक्का. इज्जत तरी राहील." त्याला म्हटले, उद्या बोलते. उद्या बोलणार नाही.

२८ मार्च
पट्टे काढले. फाउंडेशन नवीन घेतले, दोन पाटल्या सोनाराकडे ठेवून. र.भाईंनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरे वाटले असते.
फरक खूप. हातात पाण्याचा पेला धरून बसले. चालत्या गाडीत पाणी शांत. गाडी थांबली, इंजिन चालूच, की पाण्यावर बारीक नक्षी. सगळ्यात वाईट सुरू करताना आणि उभे असताना.

२ एप्रिल
हिराबाई आपणहून आली. तिलाही झोप नसावी. मांडणीकडे बघत राहिली.
"हाई काढी टाक बठ्ठं. पोराले झोयी बांधतस ना, तशी बांध."
झोळी. जुन्या नऊवारीची, वर छताच्या आडव्या पट्टीला. मी म्हटले, ब्रेक मारला की झोके घेतील, एकमेकांवर आपटतील. ती म्हणाली, मग खालून बांध. मी म्हटले, खालून घट्ट बांधले की पुन्हा थरथर खापरात. अर्धा तास वाद. शेवटी खालून सैल दोरी, मध्ये कापूस भरलेल्या उश्या. तिचे म्हणणे अर्धे, माझे अर्धे. हे काम करताना मजा आली, खरे सांगायचे तर. र.भाईंनी मांडणी कापून आडव्या पट्ट्या केल्या.

५ एप्रिल
चाचणी. झोळीत फुटक्या खापराचा मोठा तुकडा आणि आमच्या जुन्या माठात पाणी. एरंडोल आणि परत. मुद्दाम फाटकाशी गाडी चालू ठेवून उभी राहिले. हिराबाई मागे बसून हाताने झोळी चाचपत होती. माठ शाबूत. तुकडा होता तेवढाच.
तरी माठ म्हणजे खापर नव्हे. माठ कधी चुलीवर बसलेला नाही. तापून थंड झालेल्या मातीत बारीक भेगा असतातच, डोळ्याला दिसत नाहीत.

१२ एप्रिल
अशोक पुन्हा. खापरांसाठी वेगळी कार करू, खर्च तो देणार. चांगल्या मनाने म्हणतो, कळते मला. हिराबाईला विचारले. ती म्हणाली, "आखाजीले कार करशी. आनि नंतर? लगीनसराईले?" तेच माझ्याही मनात होते. ही गाडी खापरं नेऊ शकत नसेल तर ती आमची गाडी नाही, इंजिन कितीही छान असू दे.
अशोकला नाही म्हटले. रागावला. जाताना कैऱ्या मात्र ठेवून गेला.

१७ एप्रिल
गहू भिजवले, पुरणाची डाळ निवडली, पाट धुतले. तिन्ही खापरं हिराबाईने स्वतः झोळ्यांत घातली, एकेक. टिचकी मारून तिघांचा आवाज ऐकला. खणखणीत. र.भाईंनी येऊन पाणी, ऑइल, बेल्ट बघितला. "आम्हाला मांडे?" म्हणाले. म्हटले, परत येताना.
नानांचा फोन, कधी येता. उद्या, म्हटले.

१८ एप्रिल, पारोळा
चहाला थांबलो आहोत. गाडी बंद केली आहे. बायका मागेच, आवाजावर आवाज चढवून गाणी म्हणत आल्या, त्यामुळे टिकटिक झाली असेल तर ऐकू आली नसेल. मी आरशातून सारखी मागे बघत होते. रस्ता चांगला, इंजिन गोड चालले. या गाडीत मला आज जेवढा आनंद झाला तेवढा कित्येक वर्षांत नव्हता, हेही लिहून ठेवते, पुढे काही निघो.
झोळ्या उघडून बघू म्हटले. हिराबाईने हात आडवा घातला.
"नको. धुये येवा दे."
"फुटले असेल तर आत्ताच कळलेले बरे. नानांना फोन तरी करता येईल."
"फुटं अशी तरी धुयेलेच जानं शे ना?"
मी हात मागे घेतला. तिने तिन्ही झोळ्यांखाली एकेक बाई बसवली आहे, तळव्यांवर नुसता आधार, आणि सगळ्या माझ्याकडे बघत आहेत. चहाचे पैसे दिले. सगळ्यात जास्त थरथर सुरू करतानाच. आता सेल मारते.