तिसऱ्या मजल्यावरची चुकांची वही

२ फेब्रुवारी, सोमवार

दुसऱ्या मजल्यावर दोन तास दहा मिनिटं. तिसऱ्यावर चार तास पाच! डॉक्टरांनी 'आता घरी जा' म्हटल्यापासून खाट रिकामी होईपर्यंतचा हा वेळ – अख्ख्या जानेवारीची सरासरी. मजले दोन्ही सारखे. पस्तीस-पस्तीस खाटा, तेच डॉक्टर, तेच आजार. फरक एकच, इन्चार्ज सिस्टर. दुसऱ्यावर अस्मिता सिस्टर, तिसऱ्यावर यमुताई.

मेट्रनबाई मार्चअखेर निवृत्त होताहेत. या दोघींपैकी एक त्यांच्या जागी जाणार. आमचे डायरेक्टर अनंत सर म्हणाले, पुष्कर, तू मिहानमधून आलास, तुला मोजता येतं. महिनाभर बघ आणि कोणाच्या हाताखाली काम नीट चालतं ते लिहून दे. मिहानच्या गोदामात मी खोकी मोजायचो. खोकी कुरकुर करत नाहीत, हा तिथला मोठा फायदा होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रत्येक मजल्यावर नियमाप्रमाणे एक वही असते. चुकीचं औषध, उशिरा दिलेलं इंजेक्शन, खाटेवरून पडलेला पेशंट – जे चुकेल ते तिच्यात लिहायचं. गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्या मजल्यावर चुका शून्य. तिसऱ्यावर एकेचाळीस!

घरी अदितीला सांगितलं. ती म्हणाली, मग शोधायचं काय राहिलं? करून टाका अस्मिता सिस्टरांना मेट्रन. खरंच, काय राहिलं? तरी डोक्यातला किडा जात नाही. एका जिन्याच्या अंतरावर एवढा फरक कसा?

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर दुसऱ्या मजल्यावर बसलो. बसलो म्हणजे उभाच होतो, तिथे रिकामं बसायला कोणाचा जीव धजत नाही. सात वाजून पाच मिनिटांनी अस्मिता सिस्टर राउंडला निघतात, मागे पाच मुली, हातात ट्रे. प्रत्येकीच्या खाटा ठरलेल्या, कामं ठरलेली. डॉक्टरांच्या पेनाला टोपण लागेपर्यंत डिस्चार्जची फाईल खाली गेलेली असते. मला मिहानची आठवण येऊन भरून आलं!

चूक झाली तर काय, म्हणून विचारलं. "मेमो," त्या म्हणाल्या. "तीन मेमो झाले की घरी. नियम माझा नाही, हॉस्पिटलचा आहे. मी पाळते एवढंच." मुली ऐकत होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा मजला म्हणजे लग्नघर. नातेवाईक, डबे, कोणाची तरी आत्या खाटेच्या कडेला बसून भाजी निवडते आहे. यमुताई या सगळ्यातून सावकाश फिरतात. एकतीस वर्षं नोकरी झाली, मूळच्या पारशिवनीकडच्या. डिस्चार्जला वेळ का लागतो ते कळलं. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे त्या घरच्या माणसाकडून तीन-तीनदा वदवून घेतात. शिवाय तिकडच्या पेशंटांची पारशिवनीची गाडी चारला. तोवर पेशंट उन्हात स्टँडवर कशाला बसवायचा, म्हणून तो खाटेवरच! माझं घड्याळ हातातल्या हातात चरफडत होतं.

दोनला ड्युटी बदलते, तेव्हा चहा येतो. आणि इथे एक अजब रीत आहे. आज ज्याचं काही चुकलं असेल त्याने ते सगळ्यांपुढे सांगायचं, आणि सांगणाऱ्याला पहिला कप. सुरुवात यमुताई स्वतःपासून करतात. आज म्हणाल्या, "तीनशे सातची शुगर आठले पाहाची होती, मी साडेनवाले पाहिली. विसरली मी." मग पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय बदलायचं ते सगळ्या मिळून ठरवतात. वहीत नोंद होते – तारीख, खाट, काय झालं, काय बदललं. नाव मात्र नाही. नाव लिहायचं नाही, हा यमुताईंचा नियम. एका मुलीने तर पहिल्या कपासाठी चूक रचून सांगितली असावी असा मला दाट संशय आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नेतृत्वाच्या शैलींवरचं जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं. अस्मिता सिस्टर पान एकशे बारावर सापडल्या. यमुताई कुठल्याच पानावर नाहीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दोनशे बावीसमधले काका आज भरदुपारी कोसळले. अस्मिता सिस्टरांनी तीन मुलींना तीन कामं सांगितली, एकेका शब्दात, आणि स्वतः छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. चाळीस सेकंदांत सगळं जागेवर! काका वाचले.

हे लिहून ठेवलंच पाहिजे, कारण परवा तिसऱ्या मजल्यावर एक बाई चक्कर येऊन पडल्या, तेव्हा तिघी जणी बीपीचं मशीन आणायला धावल्या आणि बाईंपाशी कोणीच नव्हतं. तिथे हुकूम द्यायची सवय नाही, घ्यायचीही नाही. माझा जीव कोणाच्या हाती द्यायचा असेल तर मी दुसरा मजला मागेन. निदान आज तरी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कच्चा अहवाल दिला. अनंत सरांनी दोनच ओळी वाचल्या – वेळ आणि चुका. म्हणाले, संपलं की! अस्मिता सिस्टरांची ऑर्डर टाईप झाली आहे, फक्त सही राहिली. यमुताईंना वाडीला पाठवणार, औषधांच्या गोदामावर. मी म्हटलं, महिना तर पुरा होऊ द्या. बरं म्हणाले.

माझ्या दोन आकड्यांनी एकतीस वर्षांची सिस्टर गोदामात. आज मला अजिबात बरं वाटत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज अमावस्या. दुसऱ्या मजल्यावर सकाळपासून जुंपली होती. डिस्चार्ज झालेल्या नऊ पेशंटांच्या घरचे अडून बसले – आज घरी नेणार नाही, उद्या नेऊ. अस्मिता सिस्टर म्हणाल्या, फॉर्मवर अमावस्येचा रकाना नाही. बरोबरच आहे. पण पेशंट काही हलले नाहीत, आणि खाली नवे पेशंट खुर्च्यांवर ताटकळत बसले.

वर गेलो तर सामसूम. अकरा खाटा रिकाम्या, चादरी बदललेल्या! यमुताईंनी शनिवारीच कॅलेंडर पाहून डॉक्टरांना गाठलं होतं, जे बरे आहेत त्यांना सोमवारपर्यंत सोडा म्हणून. मला म्हणाल्या, "लोकं काही आपल्या म्हणण्यानं बदलत नाहीत सर. पण तारीख तर आपल्याले पहिलेच माहीत असते." हा रकाना माझ्याही तक्त्यात नव्हता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज नवीन मोजणी. घरी गेलेल्यांपैकी पंधरा दिवसांत परत किती भरती झाले? दुसरा मजला चौदा, तिसरा पाच. बरेचसे गोळ्या उलटसुलट घेऊन आलेले. म्हणजे दोन तासांत रिकामी झालेली खाट पुन्हा त्याच माणसाने भरली, आणि मी त्याला कार्यक्षमता म्हणत होतो. शाबास पुष्करराव!

पण एकेचाळीस चुका अजून घशात अडकल्या आहेत. एवढ्या काळजीच्या मजल्यावर एवढ्या चुका?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तिसऱ्या मजल्याची वही सहज चाळत होतो. 'खाट २१४.' मला वाटलं लिहिताना चुकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खाटा तीनशे एकपासून सुरू होतात. दोन पानं उलटली – २०९. मग २२७. सगळी वही पुन्हा पहिल्यापासून काढली. एकेचाळीसपैकी सतरा नोंदी दुसऱ्या मजल्याच्या! मी तीन आठवडे आकडे मोजत होतो, खाटांचे नंबर वाचलेच नव्हते.

दुसऱ्या मजल्याच्या चुका जिना चढून तिसऱ्यावर राहायला आल्या आहेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

यमुताईंना विचारलं. त्यांनी आधी दार लोटलं. मग सांगितलं.

नोव्हेंबरात गार्गी, दुसऱ्या मजल्यावरची सगळ्यात नवी नर्स, जिन्यात रडत बसलेली त्यांना दिसली. खाली एकाच नावाच्या दोन बाया शेजारी-शेजारी होत्या आणि एकीचं इंजेक्शन दुसरीला गेलं होतं. नशिबाने काही झालं नाही. खाली सांगावं तर मेमो. यमुताईंनी तिला वर आणून चहा पाजला आणि वहीत नोंद करायला लावली. मग एकेक जण येऊ लागली. त्या नोंदीवरून उपायही निघाला – सारख्या नावाचे पेशंट असतील तर दोघांच्याही फायलींना पिवळी पट्टी. ती पट्टी तिसऱ्या मजल्यावर लागली! दुसऱ्यावर नाही, कारण तिथे कागदोपत्री तसं काही घडलंच नव्हतं. हसावं की कपाळ बडवावं?

अस्मिता सिस्टरांना हे माहीत आहे का, मी विचारलं.

"तिले काय माहीत अन् काय नाही, हे मले काहून विचारता?" यमुताई म्हणाल्या. "पोरी येऊन सांगून राहिल्या, हेच खूप आहे. एकदा नावं निघाली ना सर, मंग कोणी तोंड उघडणार नाही."

मी म्हटलं, पण या सतरा चुका तुमच्या नावावर चढल्या, मेट्रनची जागा चालली तुमची. तर म्हणे गोदामात तरी काय वाईट, औषधं कोणाशी भांडत नाहीत. मी काही बोलणार नाही असं कबूल करून आलो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच घडलं. दुसऱ्या मजल्यावर दोन शांताबाई, खाटा २१८ आणि २१९. एकीचं इंजेक्शन दुसरीला. बाईंच्या अंगभर पुरळ उठलं, धाप लागली. आता बऱ्या आहेत. फाईलवर लिहिलं, 'औषधाची ॲलर्जी'. दुसऱ्या मजल्याच्या वहीत काही नाही. संध्याकाळी वरची वही पाहिली – अठरावी नोंद पडली होती, आहे तसं सगळं लिहिलेलं. गार्गीचा चेहरा दिवसभर उतरलेला होता, तेव्हा तिचंच असणार.

चार आण्याच्या पिवळ्या पट्टीने हे टळलं असतं. आता गप्प बसणं म्हणजे मी पण त्यात आलो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अनंत सरांना सगळं सांगितलं, नावं सोडून. अमावस्या, परत आलेले पेशंट, वही, पट्टी. मला वाटलं, त्यांना माझ्यासारखीच गंमत वाटेल की शून्य हा आकडा सगळ्यात खोटा निघाला.

ते म्हणाले, म्हणजे अठरा चुका लपवल्या! कोणी? शनिवारी सकाळी मला नावं हवीत, सगळ्यांना एकदम काढतो. माझ्यासमोरच अस्मिता सिस्टरांना बोलावलं, सगळं ऐकवलं आणि पुष्करला नावं काढायला मदत करा म्हणाले. अस्मिता सिस्टर "हो सर" म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मी हे काय करून बसलो?

२५ फेब्रुवारी, बुधवार

दोनचा चहा. सरांनी नावं मागितल्याची बातमी वर पोचली होती. कोणी काही सांगितलं नाही. यमुताई तेवढ्या आपलं चुकलेलं बोलल्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गार्गी जिन्यात भेटली. "सर, माझं नाव जाऊन राहिलं का?" एवढंच विचारलं तिने. मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. हे खोटं होतं. मला माहीत असलेलं एकच नाव तिचं आहे, आणि ते मला विश्वासाने सांगितलेलं आहे.

लाज वाटली. पंचवीस दिवस मी दोन बायकांची शैली तपासत फिरलो. कोणाच्या हाताखाली माणसं खरं बोलतात, हे मला शोधायचं होतं. माझ्या हाताखाली काय होतं? दोन दिवसांत अख्खा मजला मुका झाला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. अहवाल जाईल, नावं जाणार नाहीत. विचारलं तर सांगेन की मला ठाऊक आहे आणि मी देणार नाही. अदिती म्हणाली, फार तर काय होईल, परत खोकी मोजा. म्हणाली हसून, पण ताटातली पोळी तिने अर्धीच खाल्ली. मीही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सव्वाआठला अस्मिता सिस्टर केबिनमध्ये आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "नावं द्यायची आहेत ना तुम्हाला? अठरातल्या सहा नोंदी माझ्या आहेत. सोमवारचं इंजेक्शनही मीच दिलं. तिथून लिहायला घ्या."