तीन महिने पुरे होईपर्यंत

३ फेब्रुवारी
आलो एकदाचे भोपाळला! विक्रांतची बदली झाली आणि पाठोपाठ मलाही इथल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञाची नोकरी लागली. बाग सेवनियातलं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, उजेड भरपूर. काम तर मला फारच आवडलं. रुग्णालयातून प्रसूतीनंतरची वार येते, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा तो अवयव. तिचे तुकडे ताटलीत जिवंत ठेवायचे, त्यांत टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी सोडायचा आणि वार त्याच्याशी कशी झुंजते ते मोजायचं.
आणि गुपित. मला दुसरा महिना लागलाय! सासूबाईंनी बजावलंय, तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. हा परजीवी पोटातल्या बाळाला घातक, म्हणून रुजू होतानाच्या अर्जात ‘गरोदर आहात का’ असं विचारलं होतं, त्यापुढे मी सरळ ‘नाही’ लिहिलं. एवढी शिकलेली बाई मी, माझं मलाच हसू आलं.

१२ फेब्रुवारी
आज सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी पाहिले. संत्र्याच्या फोडीसारखे, चक्क गोजिरे. वारेचं बाहेरचं आवरण त्यांना सहजी शिरू देत नाही. वर धोक्याची वर्दी देणारी प्रथिनं सोडतं आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. मी हळूच पोटावर हात ठेवून म्हटलं, बघ, तुझ्या दाराशीही अशीच खमकी बसलीय. आमच्या प्रमुख सरोज मॅडमनी हटकलं, "क्या बात है, अकेले-अकेले मुस्कुरा रही हो?" मी काहीतरी थाप मारली.

२४ फेब्रुवारी
सुई टोचली. हातमोज्यातून आरपार, डाव्या तर्जनीत. सिरिंजमध्ये जिवंत परजीवी होते. नियमाप्रमाणे लगेच मॅडमना सांगायला हवं. पण सांगितलं की तपासण्या आल्या आणि अर्जातलं खोटं उघडं पडणार. महिनाभराचा तर प्रश्न आहे. साबणानं हात धुतला. विक्रांतलाही बोलले नाही.

६ मार्च
ताप. मानेत गाठी आल्यात. विक्रांत म्हणतो, हवा मानवली नाही. मला माहीत आहे काय आहे ते. गोळ्या लवकर सुरू केल्या तर बाळाचा धोका कमी होतो, हेही माहीत आहे. उद्या मॅडमना सांगते. नक्की.

९ मार्च
नाही सांगितलं. सकाळी सासूबाईंचा फोन होता. थोडेच दिवस राहिलेत, तोंड मिटून राहा म्हणाल्या. किती आनंदात होत्या. राहिले मिटून.

१४ मार्च
ओटीपोटात सतत काहीतरी पेटल्यासारखं — ते परजीवी येतायत, वार अडवतेय. मला जाणवतं. खरंच जाणवतं.
आज मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसता हात धरून बसल्या. तेव्हा फार भीती वाटली.

१५ मार्च
रक्त. थांबत नाही —

१७ मार्च
गेलं. मुलगा की मुलगी, तेही —
मीच मारलं. गप्प बसून. विक्रांत भिंतीकडे तोंड करून रडतो. वार आमच्याच संस्थेत तपासणीला द्यायच्या कागदावर मीच सही केली.

२० मार्च
मॅडम नको म्हणत होत्या. तरी प्रयोगशाळेत गेले.
बाळात एकही परजीवी नव्हता. एकही नाही. वारेनं सगळे थोपवले. थोपवताना इतकी सुजली, की बाळाला जाणारं रक्तच —
तिचा तुकडा ताटलीत अजून जिवंत आहे. तीन दिवस झाले. त्या प्रथिनांचे आकडे चढतायत. अजून वर्दी देतेय. मॅडमनी विचारलं, बंद करू का? मी नाही म्हटलं. कशी करू? तिला अजून वाटतंय, आत आपलं —