नवी हार्डडिस्क आणि पाट्यावरची चटणी

रविवार संध्याकाळ, माणिकपूर

घरचे फोटो साठवायला कॉम्प्युटरला जोडलेल्या डब्यातल्या दोनपैकी एक हार्डडिस्क सकाळी बदलली, दुप्पट मोठी घातली. दुसरीवरचं सगळं नवीवर उतरेपर्यंत लाईट जाऊ नये, एवढंच आईला म्हणालो. मिक्सर लावला की कधीकधी आमचा मेन स्विच पडतो. तिने पाटा काढला. गुडघे दुखत असताना खाली बसून चटणी वाटली. सांगायलाच नको होतं का?

"तुझं होऊ दे आधी," म्हणाली.

मघाशी कॉपी झाली. सगळं नीट आलंय का म्हणून फोटो चाळले. मुलांचे, बाबांचे, गणपतीतले. आई कुठेच धड नाही. एकात दाराआड पदर, एकात नुसता वाढणारा हात.

पाटा अजून ओला आहे.

आणि जागा पुरत नाही म्हणून मी मोठी डिस्क आणली.