काचेवरच्या देवांची व्यवस्था

मी, गं. भा. दानम्मा कोम महादेवप्पा कलशेट्टी, वय वर्षे ७१, राहणार सोलापूर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची इथे गरज नाही.

१. राहते घर व कापडाचे दुकान चिरंजीव शिवयोगी यांस. दुकानाची कॅलेंडरे फुकट वाटायला त्यांनीच सुरुवात केली. घरोघरी छापील लक्ष्मी आली आणि एकनाथ चिताऱ्याकडून काचेवर देव काढून घेणारे गिऱ्हाईक आटले. हे त्यांना तोंडावर सांगितले आहे, आता लेखी देते.

२. दागिने व पोस्टातील रक्कम कन्या दाक्षायणी हिस. दीर धोंडप्पा यांस काही नाही. माझ्या काचेवरच्या तसबिरींना ते पाहुण्यांदेखत भंगार म्हणाले.

३. तसबिरींबाबत. सासऱ्यांच्या काळी पेठेत लग्न निघाले की चिताऱ्याला धान्य, धोतर आणि एका तसबिरीचे काम ठरलेले. पुढे लोक त्या काचा जुन्या बाजारात विकायला काढू लागले, तेव्हा मी घेत गेले. एकनाथला शेवटपर्यंत काम मीच दिले. काचेच्या मागून उलटे रंगवायचे, म्हणून तो डोळे आधी काढी, चेहरा नंतर. शेवटच्या देवीचे डोळे आणि नथ झाली आणि तो गेला. त्याची बायको रंभाबाई ती घेऊन आली. म्हणाली, "पुसून घ्या अक्का, काच चांगली हाय की." मी पुसली नाही.

माझ्यामागे तसबिरी ठेवायला मठात जागा नाही, वाचनालयात भिंत नाही. पुण्याहून संग्रहालयाचे साहेब आले, चहा घेतला, त्यांना गाडी गाठायची होती. दाक्षायणीच्या दोन खोल्यांत माणसेच मावत नाहीत. शिवयोगी म्हणाला, "अव्वा, देव हायेत ते. तुझ्यामागं रोज फूलपाणी कोण करणार? आन् इकलं तर पाप लागंल." त्याचे खरे आहे. पोरगा वाईट नाही. मला मात्र फार वाईट वाटते.

४. म्हणून आज सकाळी अंघोळ करून, गणपती उठवताना टाकतो तशा प्रत्येक तसबिरीवर अक्षता टाकल्या. अर्ध्या राहिलेल्या देवीवरही टाकल्या. आता त्यांत देव नाहीत, काचा आहेत. शिवयोगीने खुशाल विकाव्यात, पाप लागणार नाही. पुढच्या वर्षी या, असे मी कोणालाही म्हटले नाही.

वरील मजकूर वाचून, समजून खालील दोघांसमोर सही केली.

सही: दानम्मा महादेवप्पा कलशेट्टी
साक्षीदार: १. चनबसप्पा बिराजदार, आडत व्यापारी (सही)
२. चंद्रव्वा, शेजारीण (डावा अंगठा)
सोलापूर, दि. ९ फेब्रुवारी १९७६