तिच्या शेजारचा खिळा

मी, खाली सही करणारा, धंद्याने ऑर्डरप्रमाणे माणसांची चित्रं काढणारा, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. हात जरा थरथरतो, तो वयामुळे. कोणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहून घेतलेलं नाही. पत्नीने मधून मधून ढोसलं, ते त्या त्या कलमात नोंदवलं आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. राहतं घर पत्नीचं, तिच्यामागे मुलीचं. बँकेत जे असेल तेही तसंच. यात कोणी फाटे फोडू नयेत.

२. माझा इझल, रंगांचं कपाट आणि हात टेकवायची काठी मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे, तिला यातलं काही लागणार नाही, हे मला माहीत आहे. तरी तिलाच. काठी पडदे सरकवायला चांगली आहे.

३. माझ्या कामाबद्दल. मी जन्मभर अध्यक्ष, न्यायाधीश, कारखानदार आणि त्यांच्या सासवा रंगवल्या. माझ्या ब्रशाखाली कोणाची दुहेरी हनुवटी टिकली नाही. टकलावर चार केस आणून दिले, तिरळे डोळे सरळ केले, आणि गिऱ्हाईक नेहमी खूश होऊन गेलं. एक मुख्याध्यापिका तेवढी चित्र पाहून म्हणाली, "छान आहे हो, पण शाळेत लावलं तर मुली विचारतील, या नव्या बाई कोण?" आणि ती उठून बारक्याकडे गेली.

४. बारक्या म्हणजे माझा गुरुबंधू. आम्ही एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलो. तेव्हा तो काडीसारखा होता. आता दारातून तिरका होऊन आत येतो, नाव तेच राहिलं आहे. मास्तर माझ्या चित्राला "वा, छान" म्हणायचे आणि त्याच्या चित्रापुढे काही न बोलता उभे राहायचे. ते गप्प उभं राहणं मला अजून सलतं. मला बारक्याचा हेवा वाटतो. वकीलसाहेब म्हणाले, हे वाक्य इथे लागत नाही. मी म्हटलं, मिळकतीचा खरा तपशील द्यायचा ना? मग घ्या लिहून, ही माझी सगळ्यात जुनी मिळकत आहे.

५. माझे मऊ केसांचे उंची ब्रश बारक्याला द्यावेत, असं पत्नीचं म्हणणं आहे. तिने तीनतीनदा आठवण केली. वकीलसाहेबांकडून कळलं की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राने काही देता येत नाही. म्हणून ब्रश इथे त्याच्या नावे लिहून मी बारक्यालाच साक्षीदार केलं आहे. पत्नीचा मान राहिला, ब्रशही घरात राहिले.

६. आता मुख्य गोष्ट. पुढच्या खोलीत पत्नीचं चित्र आहे. ते बारक्याने काढलेलं आहे. मी परगावी एका गिरणीवाल्याची मिशी रंगवायला गेलो होतो, परत आलो तर भिंतीवर नवा खिळा आणि खिळ्यावर ही. हिच्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण आहे. मी हिची जेवढी चित्रं काढली त्या सगळ्यांत ती खूण बुजवली. ती चित्रं आता कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहेत. त्याने खूण ठेवली, आणि ओठ असे ठेवले की ही आता काहीतरी ऐकवणार. मी विचारलं, "ही खूण कशाला?" ही म्हणाली, "अहो, माझीच आहे ना ती!"

हे चित्र जाळावं, विकावं, निदान माळ्यावर टाकावं, अशी कलमं मी आजवर मनात खूप लिहिली. वकीलसाहेब म्हणतात, ते तुमच्या पत्नीला भेट मिळालेलं आहे, तुमचा त्यावर काडीचा हक्क नाही. तेव्हा ते आहे तिथेच राहील.

७. त्याच्या शेजारी हिने स्वतः दुसरा खिळा ठोकला आणि म्हणाली, "इथे तुम्ही." मी आरसा लावून, नेट लावून स्वतःचं चित्र काढलं. हिने चष्मा घालून पाहिलं आणि विचारलं, "हे कोण? तुमच्याकडचे कोणी?" मी पुन्हा पाहिलं. कान छोटे, गाल भरलेले, नाक सरळ. मी हे सगळं केलं कधी, ते माझं मलाच कळलं नव्हतं. हात सवयीने करून मोकळा झाला होता.

"बारक्याभावजींना सांगा," ही म्हणाली.

"मेलो तरी नाही."

"मेल्यावर कसं काढतील? आधीच बसावं लागेल."

मी ऐकलं नाही. तेव्हा ही म्हणाली, "बरं. राहू दे खिळा रिकामा. राहीन मी एकटीच भिंतीवर." मी बारक्यासमोर जाऊन बसलो.

ही खिडकीशी बसून उशांचे अभ्रे शिवत होती. बारक्या सारखा कुरकुरत होता. "दादा, इकडे बघ ना जरा!"

"बघतोय की."

"कुठे बघतोयस? सगळा वेळ वहिनींवर पहारा. मी काय त्यांना पळवून नेतोय?"

शेवटी त्याने तसंच काढलं. मान वळलेली, नजर तिरकी, तोंड आंबट, कान आहेत तेवढे मोठे. असं चित्र गिऱ्हाइकाने माझ्या अंगावर फेकलं असतं. ही मात्र त्याच्यापुढे गप्प उभी राहिली, मास्तर राहायचे तशी. मग डोळे पुसत म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे कधी बघतच नाही." चित्र चांगलं झालं आहे. हे लिहायला मला फार जड गेलं.

८. माझ्यामागे ते चित्र त्या रिकाम्या खिळ्यावर लावावं. लागल्यास खिळा हिच्या दुसऱ्या बाजूला ठोकावा, पण यात चूक होऊ देऊ नये. माझी नजर हिच्यावर पडली पाहिजे, दाराकडे नाही. फ्रेमची खालची पट्टी चांगली रुंद घ्यावी, म्हणजे सही झाकली जाईल. त्याची एक सही हिच्या चित्रावर, माझ्या घरात, इतकी वर्षं सोसली. दुसरी सोसणार नाही.

हे सर्व मी वाचून, मान्य करून सही करत आहे.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ११ फेब्रुवारी
(सही) चित्रकार

साक्षीदार :

(सही) घरचे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. शुद्धीबद्दल शंका नाही.

(सही) बारक्या. दादा, ब्रश ठेव तुझ्याकडेच. पट्टी साधीच चालेल, तुझ्या चित्रावर मी सही केलेली नाही. वहिनींच्या चित्रावरही नाही. तू इतक्या वर्षांत जवळ जाऊन ते कधी पाहिलंच नाहीस. आता उठ आणि बघ.