रेंदांग, दोघींच्या हातचं

कुआला कांग्सार,
१४ मे १९८६

चि. रोहायास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

रोजे सुरू झाले. आईला जाऊन दीड महिना झाला. घर झाडते, रोजा सोडते, झोपते. रडू अजून आलेलं नाही. दफनाला तू पोचली नाहीस म्हणून चारचौघांत बोलले, ते विसर. बस बंद पडली, त्याला तू काय करणार!

ईदचं रेंदांग यंदा माझ्यावर आलंय. पण आईने मला जन्मभर कढईपाशीच उभं केलं. मांस चार तास ढवळायचं, तेल सुटून हात जड झाला की उतरवायचं, एवढंच मला येतं. वाटण तुझ्याकडे होतं. काय किती, ते लिही. आणि ईदला ये. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
झावियाताई

जोहोर बारू,
२३ मे १९८६

ती. ताईस रोहायाचा सलाम, वि. वि.

राग नाही गं. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

आई मोजत नसे, तुझ्या मुठीने घाल म्हणायची. तेव्हा मी दहा वर्षांची. आमची लेक सुराया आता तेवढीच आहे, म्हणून तिची मूठ कागदावर गिरवून पाठवतेय. मिरच्या तीन मुठी, कुलंजन एक, गवती चहाचे पाच देठ. खोबरं भाजून तेल सुटेपर्यंत कुटायचं. मी मिक्सरमध्ये करणार आहे, हवं तेवढं ओरड.

ईदला यायला रजा नाही असं इथे घरी सांगितलंय. खरं म्हणजे आईविना त्या घरात पाय टाकवत नाही. समजून घे. आहे तसाच जीव लाव.

तुझी,
रोहाया

कुआला कांग्सार,
१२ जून १९८६

चि. रोहायास आशीर्वाद, वि. वि.

मिक्सर! आईने तुला त्याच्यासकट अंगणात उभं केलं असतं.

कागदावर मिरच्या मांडून मोजल्या. रेंदांग जमलं. मला चव कळली नाही, लोकांनी सांगितलं. शेजारच्या मझ्नाकाकू आल्या होत्या. हल्ली त्यांना काही आठवत नाही. दोन घास खाऊन आईचं नाव घेऊन म्हणाल्या, सल्बियाचा हात अजून तस्साच आहे, कुठंय ती? मी सांगितलं, आत पडलीय. का सांगितलं, कोण जाणे. मग त्यांनी आईसाठी वाटी काढून ठेवायला लावली. मी काढली.

ती अजून झाकून ठेवलीय. मला उचलवत नाही. रेंदांग टिकतं, पण किती दिवस? तू ये. दोघी मिळून खाऊ.

वाट बघणारी,
ताई